वायंडिंगमामा आणि हँग होणारं मशीन

वायंडिंगमामा बिघडलेल्या कॉम्प्युटरपुढं बसले की पहिला अर्धा तास कशालाच हात लावायचे नाहीत. खिशात पेनाशेजारी एक स्क्रू-ड्रायव्हर असायचा, तो तिथंच राहायचा. मुलगी बघायला आल्यासारखे मांडीवर हात ठेवून ते मशीनकडं बघत बसायचे. कुणी घाई केलीच तर म्हणायचे, "गप बसा की जरा. त्याला काय हुतंय ते तेच सांगतंय." त्या अर्ध्या तासात त्यांचा दोन कप चहा व्हायचा आणि नवख्या माणसाचा धीर सुटायचा.

उद्यमनगरात विजेच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे आत तांब्याची तार गुंडाळायचं काम, करता करता त्यांना हे नाव पडलं. मोटारीवरून ते रेडिओवर आले, रेडिओवरून टीव्हीवर आणि पन्नाशी उलटल्यावर, माणसं पेन्शनचा विचार करायला लागतात त्या वयात, कॉम्प्युटरवर. इंग्रजी बेताचं. पडद्यावर काही उमटलं की ते आमच्यासारख्या पोरांकडून वाचून घ्यायचे, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. "वाचायला तू हाईस की. माझं काम ऐकायचं," म्हणायचे. पंख्याच्या नुसत्या आवाजावरून मशीनमध्ये किती धूळ साठलीय हे ते सांगत, आणि उघडल्यावर तेवढी निघायची!

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते दोन हजार सालानंतर कधीतरी, भर उन्हाळ्यात. माझा एम.फिल.चा प्रबंध घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप होत होता आणि तो कॉम्प्युटर रोज हँग होत होता. पाऊण तास बरा चालायचा, मग माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. सेव्ह न केलेली पानं गेली की मी डोकं धरून बसायचो. एका दुकानातल्या पोरांनी दोनदा फॉरमॅट मारला, रॅम बदलली. दुकानात मशीन दोन दोन दिवस सुतासारखं सरळ चालायचं. घरी आणलं की पहिले पाढे पंचावन्न.

दुकानात चालतं, घरात अडतं, म्हणजे घरातलंच कुणीतरी काहीतरी करतंय, असा निकाल मी आणि बाबांनी लावून टाकला. घरात तिसरं माणूस एकच, आई. तिला त्या मशीनचा भारी लळा. दुपारी ती एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायची, मग कागलजवळच्या आपल्या माहेरच्या गावाचं, मग एकेका भावंडाचं. मशीनला तिनं जुन्या इरकल साडीचं झालरीचं कव्हरसुद्धा शिवलं होतं. एके दिवशी पाच पानं गेली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "कळत नाही तर हात कशाला लावतेस?" त्या दिवसापासून तिनं त्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. तिथला केर बाबा काढायला लागले. तेव्हा तरी मला काही वाटायला हवं होतं.

मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "दुकानात न्हाय आणि घरात हाय. मग दुखणं मशीनचं न्हाय, घराचं हाय," म्हणाले आणि चहा मागितला. आई चहा घेऊन दारापर्यंत आली, कप माझ्या हातात देऊन तशीच परत फिरली.

"वैनी आत का येईनात?" मामांनी विचारलं. मी कारण सांगितलं. माझ्या आवाजात तक्रारच होती. त्यांनी नुसतं "हं" केलं.

पाऊण तासानं बाण थिजला. मामा उठले, वाकून कॅबिनेटच्या मागं हात घातला, आणि मग माझाच हात धरून तिथं ठेवला. चटका बसला. आईचं कव्हर पुढून उघडं होतं, मागून मात्र पार खालपर्यंत शिवलेलं, त्यामुळं पंख्याचं तोंडच बांधलं गेलं होतं. दुकानात नेताना आम्ही कव्हर काढून नेत होतो! मी "आई" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं तोच त्यांनी माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, सापडलं ओ! तुमच्या पोरानं मशीनच्या मागं पुस्तकांची थप्पी लावलीया. वारं लागंना, म्हणून गुदमरतंय ते. तुमचा काय संबंध न्हाय ह्यात." मग हळूच मला, "चार पुस्तकं उचल. मरत न्हाईस."

मी पुस्तकं उचलली. बाबांनाही तेच सांगितलं. दोन दिवसांत कव्हरला मागच्या बाजूनं वीतभर चौकोनी खिडकी आली, तिलाही झालर. मामांनी काहीतरी थाप मारून ती करून घेतली असणार, असं मी धरून चाललो. आई पुन्हा खोलीत यायला लागली. मामा रविवारी डोकावले की तिला शिकवायचेही. "चुकलं तर चुकलं. मशीन काय चावतंय व्हय?" वर्षभरात ती भाचरांना ई-मेल पाठवायला लागली.

प्रबंध वेळेत गेला. पुढं मी नोकरीला पुण्याला आलो, हाताखाली माणसं आली. काही बिघडलं की "कुणी केलं?" हा प्रश्न अजूनही माझ्या जिभेवर आधी येतो. तो गिळायला मी मामांकडून शिकलो, आणि ते जमतं तेव्हा समोरच्या माणसाला किती बरं वाटतं ते बघितलंय.

मामा गेल्याचा फोन आईनंच केला. त्यांच्या घरून परत येताना रिक्षात मी तिला सांगून टाकलं, की पुस्तकांचा काही संबंध नव्हता, कव्हरमुळं होत होतं, तुला वाईट वाटू नये म्हणून मामा खोटं बोलले. इतकी वर्षं हे पोटात ठेवल्याचा मला थोडा अभिमानही होता.

"म्हायत हाय मला," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू कॉलेजला गेल्यावर परत आलते ते. सगळं समजावून सांगितलं, खिडकी कुठं कापायची ते खडूनं आखून दिलं. म्हणाले, वैनी, मशीन तुमी जपताय, तुमास्नी खोटं सांगून कसं चालंल?"

म्हणजे इतकी वर्षं अंधारात आई नव्हतीच, मी होतो. मी म्हणालो, "आई, तेव्हा मी तुला जे बोललो..."

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "त्याची माफी मामांनी तवाच मागितली हुती. तुझ्या वतीनं."