आईला मी शिकवलेलं इंग्रजी

मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये जर्मन शिकवते. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जर्मन फार अवघड असतं ना?" मी सांगते, "तुम्ही इंग्रजी शिकून बसलाय, आता कसली भीती?" सगळे हसतात. त्यांना तो विनोद वाटतो. पण जर्मनमध्ये बरंचसं लिहिलंय तसं वाचायचं असतं, आपल्यासारखंच. लिंगं तीन, तीही आपल्याकडे आहेतच. नियम एकदा पाठ केला की तो सहसा दगा देत नाही. इंग्रजी किती अवघड आहे हे मला कळलं ते आईला शिकवायला बसले तेव्हा.

आई मूळची सोलापूरची. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती, त्यामुळे तेलुगू ती मराठीइतक्याच सहजपणे बोलते. लग्न होऊन पुण्यात शनिवार पेठेत आली आणि वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंकडे दुपारी खाखरे लाटायला जाता जाता वर्षभरात गुजराती बोलायला लागली. कुणी शिकवलं नाही, तिनं कधी वही उघडली नाही. पण मॅट्रिकला ती इंग्रजीत नापास झाली होती, तेही दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांनी फॉर्म भरला नाही, स्थळं बघायला सुरुवात केली. हे ती हसत हसत सांगायची. मात्र घरात कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की पदर सारखा करत स्वयंपाकघरात निघून जायची.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती इंग्लंडला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका माणसाशी तिनं लग्न केलं. तो एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो. बाबा त्याआधीच गेले होते. आईनं फार त्रागा केला नाही. "हातानं काम करणारा आहे, बरा असेल," एवढंच म्हणाली. लग्नानंतर दोघं आठ दिवस इथे येऊन राहिले, तेव्हा त्यानं घरातल्या डुगडुगणाऱ्या तीन खुर्च्या दुरुस्त केल्या. आई आणि तो समोरासमोर आले की नुसते हसायचे. तो तिला 'आय' म्हणायचा. आईला ते आवडायचं.

पुढे चार वर्षांनी ताईला कॅन्सर झाला. तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा उपचार सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि सांगितलं तेही निम्मंच. "तुम्ही आत्ता येऊ नका. ऑपरेशननंतर या, तेव्हा मला खरी गरज लागेल," असं म्हणत राहिली. आम्ही व्हिसाची कागदपत्रं गोळा करून ठेवली. आणि एक दिवस आई मला म्हणाली, "मला इंग्रजी शिकव."

"आत्ता? या वयात?"

"ती औषधानं झोपलेली असते. तू क्लासला असतेस. जावयाचा फोन आला तर काय मी नुसती हसू? फोनवर हसलेलं दिसतही नाही."

आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. रोज चारच्या चहानंतर आम्ही बसायला लागलो. मी शंभर पानी वही आणली, तिनं तिला कव्हर घातलं. मी तिला परक्यांना शिकवते तसंच शिकवायला गेले, पद्धतशीर. आठवड्याभरात माझी पद्धत मोडीत निघाली. आई प्रत्येक ठिकाणी अडायची आणि प्रत्येक ठिकाणी तिचंच बरोबर असायचं.

"नाइफमध्ये हा पुढचा के कशाला?"

"तो बोलायचा नाही."

"बोलायचा नाही तर बसवलाय कशाला? आणि हे बघ. वाचतो ते रीड, वाचलं ते रेड. आणि लिहायचं दोन्ही एकच? मग वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

"पुढचं मागचं बघून."

"म्हणजे ज्याला आधीच येतंय त्याच्यासाठीच आहे ही भाषा."

मी वैतागायचे. दिवसभर शिकवून आलेले असायचे, घरी पुन्हा तेच. एकदा म्हणाले, "आई, प्रत्येक शब्दाशी भांडू नकोस गं. आहे तसं पाठ कर." त्या दिवशी तिनं पुढे काही विचारलं नाही. बाराखडी गिरवावी तसं एक पान भरून काढलं.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. मी शेजारीच होते, पण आईनं मला खुणेनं गप्प बसवलं आणि एकटी बोलली. "हाउ इज शी? हाउ आर यू? यू ईट?" असं सगळं रचून ठेवलेलं. तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. शेवटी म्हणाला, "डोन्ट वरी आय, आय विल लुक आफ्टर हर." आईचा चेहरा पडला. तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "असा कसा हा? नंतर बघीन म्हणाला."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे नंतर. मीच शिकवलं होतं.

"अगं, लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, वही ओढून घेतली आणि लिहिलं. दोन्ही शब्दांभोवती एकच चौकट केली. आम्ही दोघी तेव्हा हसलो होतो. मी त्या वेळी थांबून विचार करायला हवा होता की आणखी कुठले शब्द असे आहेत. मी केला नाही. फळं, हवामान, विमानतळावरचे प्रश्न, हेच शिकवत राहिले. आजारी माणसाच्या घरातून कुठले शब्द येऊ शकतात हे मला ठाऊक होतं. ते शब्द आईसमोर उच्चारायचेच नाहीत, असं माझं चाललं होतं.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. ताईला पुन्हा हॉस्पिटलमध्ये ठेवलं. "काही टेस्ट्स आहेत, त्यावर सगळं अवलंबून आहे," असं तिनं स्वतः आईला सांगितलं होतं. आवाज खोल गेलेला होता, पण बोलली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासमध्ये होते. वर्गात मोबाइल बंद ठेवायचा हा माझाच नियम, तो मीही पाळते. त्यानं आधी मला दोनदा फोन लावला. मग आईला लावला.

मी घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. तोंड उजळलेलं. "हात पुढे कर," म्हणाली. तिनं माझ्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली. देवापुढे वाटी ठेवलेली होती, निरांजन लावलेलं होतं.

"त्याचा फोन आला होता. मी एकटी बोलले, सगळं कळलं मला. टेस्ट पास झाली ती."

"काय म्हणाला नक्की?"

"शी पास्ड धिस मॉर्निंग. अगदी हेच. पास्ड. आणि म्हणाला, पीसफुली. म्हणजे शांतपणे ना? त्रास झाला नसेल काही. माझ्यासारखी नाही हो ती, पहिल्यांदाच पास."

साखर माझ्या हातात तशीच होती. मी पर्समधून मोबाइल काढला, सुरू केला. त्याचा मेसेज होता. दोन ओळींचा. त्यातही तोच शब्द.

मी आईला खुर्चीवर बसवलं. कसं सांगितलं ते शब्दशः मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "आई, तिकडे माणूस गेलं तरी पास म्हणतात." आणि आईनं नेहमीसारखंच विचारलं, "असं कसं? पास म्हणजे पास ना?" मी मान हलवली. मग ती म्हणाली, "मी त्याला व्हेरी गुड म्हणाले गं." आणि मग बोटांवर मोजत, जसं काही तिला हिशोब लावायचा होता, "तीनदा म्हणाले. व्हेरी गुड, व्हेरी गुड, थँक्यू म्हणाले."

तिनं उठून निरांजन शांत केलं. मी हातातली साखर ओट्यावर झटकली. आई आली आणि ओल्या फडक्यानं ओटा पुसायला लागली. पुसतच राहिली.

आमचा व्हिसा वेळेत आला नाही. तिकडचं सगळं त्यानंच केलं. तीन महिन्यांनी तो अस्थी घेऊन पुण्याला आला. खूप वाळला होता. आम्ही तिघं आळंदीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आईजवळ येऊन बसला. आई मेथी निवडत होती. त्यानंही एक जुडी ओढून घेतली आणि तिचं बघून पानं खुडायला लागला. मग मला म्हणाला, "आईंना सांग, त्या दिवशी त्या व्हेरी गुड म्हणाल्या त्यानं मला फार आधार वाटला. तिचा त्रास संपला हे एका आईला असं बघता आलं. माझ्यात तेवढा मोठेपणा नव्हता."

मी आईला सांगितलं. आईनं मान खाली घातली. "असू दे तसंच," म्हणाली.

मग त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढली. शेवटचे दोन दिवस ताई इंग्रजी बोललीच नाही, असं त्यानं सांगितलं. बारा वर्षं इंग्रजीत राहिलेली, त्याच्याशी इंग्रजीतच भांडणारी बाई, आणि दोन दिवस फक्त मराठी. त्याला चहा, पाणी, बास एवढंच यायचं. ती एकच काहीतरी पुन्हापुन्हा म्हणत होती. ते त्यानं ऐकू आलं तसं लिहून ठेवलं होतं, चार वेगवेगळ्या स्पेलिंगांत. मी वाचलं. जाऊल गे, झोवल घे, असं काहीतरी. अर्थ लागेना. इंग्रजी अक्षरांत ज आणि झ कळत नाही, ळ तर नाहीच. मी म्हटलं, "तू बोलून दाखव." त्यानं डोळे मिटले आणि तिच्या लयीत म्हणून दाखवलं.

आईचे हात थांबले.

"जवळ घे," आई म्हणाली. "ताप आला की तेच म्हणायची ती. लहानपणापासून. जवळ घे."

तो आमच्या तोंडांकडे बघत होता. "काय मागत होती?" त्यानं विचारलं. "मी पाणी दिलं, उशी सारखी केली, नर्सला बोलावलं. तिच्या अंगाला नळ्या होत्या, हात लावला तर दुखेल अशी भीती वाटायची. मी खुर्चीतच बसून होतो."

आई माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"त्याला सांग, उशी सारखी कर म्हणत होती. तू केलीस ना, सांग."

"आई..."

"सांग म्हणते ना."

मी सांगितलं. इंग्रजी मला चांगलं येतं, अडखळले नाही. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. उशी? नक्की? मी हो म्हणाले. त्यानं तोंडावर हात घेतले आणि तो लहान मुलासारखा रडला. आई मेथीची पानं चाळणीत टाकत राहिली. संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर मी तिला म्हणाले, "त्याचा हक्क होता गं खरं कळण्याचा." ती म्हणाली, "ती गेली. आता त्याला कशाला मारायचं?" त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

तो परत गेला. काही दिवस मी चारच्या चहानंतर वाट बघायचे, आई वही घेऊन येईल म्हणून. ती आली नाही. मीही विचारलं नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, लांबलचक. त्याच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेशी तो लग्न करतोय. आईंना काय वाटेल या काळजीनं सहा आठवडे तो हे लिहीत आणि खोडत होता. मी आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं.

"लिही, आनंद झाला."

मी लिहिलं.

"लिही, जेवत जा वेळेवर. दोघंही."

तेही लिहिलं. तिनं पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी थांबून राहिले. "बास," म्हणाली, "पाठव." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

ताई गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ती रडली, आवाज करून, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी दारात उभी होते. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आत पिशवी घेऊन मंडईत जाऊन आली, भाजी ओट्यावर ठेवली आणि मला विचारलं, "तुझा क्लास किती वाजता आहे आज?"