हलकी झाली की वर येणारी सुपं

जावा बेटावरच्या सालातिगा शहरात, चढावर, पाक विबिसोनो यांचं पेटंटचं ऑफिस आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी बू हार्ती बसतात. तिकडे पाक म्हणजे साहेब आणि बू म्हणजे बाई. दुपारी मेरबाबू डोंगरावरचा ढग खाली उतरून काचेला टेकला, की बाईंची तंद्री लागलीच म्हणून समजा. 'उक्त झाकणास जोडलेली उक्त तरफ' असली भाषा वाचून तुम्हाआम्हाला जांभया येतील. बाईंना मात्र ते झाकण धुक्यात हळूच उघडताना दिसतं. जगभरच्या लोकांनी रचलेले पंप, शेगड्या, छत्र्या त्यांच्या डोळ्यांसमोरून अशा तरंगत गेल्या आहेत. काम मात्र रोखठोक. कोणी नवी युक्ती घेऊन आला, की ती आधी कोणाला सुचली होती का ते शोधायचं. सुचली असेल, किंवा ह्या पठ्ठ्यानेच ती फार पूर्वी चारचौघांत दाखवून टाकली असेल, तर पेटंट विसरायचं.

गेल्या वर्षी ऑफिसात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. बाईंना आठवडाभर पुरायचा तो शोध ती चहा निवायच्या आत करायला लागली. पेटंटं, जुनी मासिकं, लोकांनी टाकलेले व्हिडिओ, सगळं चाळून पुढ्यात ठेवते, आणि खेड्यातली जावानीज बोलीसुद्धा तिला कळते. एवढं ठाऊक असलेल्याला नुसत्या नावाने कसं पुकारायचं, म्हणून सगळे तिला सिम्बाह म्हणू लागले, म्हणजे आजोबा. बाई तर प्रश्न टाकण्याआधी 'माफ करा हं सिम्बाह' असं लिहितात. आता आजोबा कधीकधी बेधडक ठोकूनही देतात, जन्माला न आलेलं पेटंट नंबरासकट सांगतात. त्यामुळे बाई प्रत्येक उत्तर स्वतः उघडून पाहतात. म्हाताऱ्यांचा मान ठेवायचा आणि बोलणं गुपचूप तपासून घ्यायचं, ही सवय त्यांना सासरीच लागली होती.

त्यांचा नवरा पोनिमान पंप दुरुस्त करायचा. घरी बाई क्रुपुकच्या, म्हणजे तळून खायच्या पापडाच्या, चकत्या अंगणात वाळत घालून विकायच्या, तेव्हा त्याने एक गंमत केली. चकत्यांची बांबूची सुपं तराजूसारख्या दांड्यांना टांगली आणि पलीकडच्या टोकाला बेताचा दगड बांधला. चकत्या ओल्या असेतो सूप खाली उन्हात. पाणी उडून चकत्या हलक्या झाल्या, की सूप आपसूक वर उचललं जाऊन छपराच्या सावलीत जायचं. वीज नाही, मोटर नाही. निवांत दुपारी एकेक सूप झोपेतून उठल्यासारखं वर यायचं, आणि बाई पायरीवर बसून बघत राहायच्या.

पेटंट घे म्हणून त्या हात धुवून मागे लागल्या होत्या. तो 'बघू' म्हणायचा. बघू बघू करता गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि माणूस गेला. त्यानंतर बाईंच्या मनाने एकच घेतलं, पोनिमानचं नाव एकदा तरी पेटंटच्या कागदावर छापून यायला हवं. आयुष्यभर लोकांच्या नवऱ्यांची नावं वाचली, आता माझ्याचं. पाक विबिसोनो लगेच हो म्हणाले. पण अर्जाआधी शोध घ्यायचाच, हा ऑफिसचा नियम, आणि शोध घेणार बाईच.

बाईंनी सिम्बाहची माफी मागून प्रश्न टाकला. काही सापडू नये म्हणून मनातल्या मनात दुआही केली. सिम्बाहने एकच गोष्ट पुढ्यात ठेवली. ते पेटंट नव्हतं, व्हिडिओ होता. काही वर्षांपूर्वीचा, आणि टाकणारी कोण, तर शेजारची लस्त्री.

बाईंना लख्ख आठवलं. नवं यंत्र स्लामेतान केल्याशिवाय कसं सुरू करायचं? शेजारीपाजारी बोलवायचे, पिवळ्या भाताचा डोंगर रचायचा, प्रार्थना म्हणायची, यंत्रावर फुलांचं पाणी शिंपडायचं. पोनिमान नको म्हणत होता, हट्ट बाईंचाच. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला 'अर्जाआधी कोणाला दाखवू नका' असं कानीकपाळी ओरडून सांगणारी ही बाई. पण भात खायला आलेले शेजारी म्हणजे कायद्यातली जनता, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारी म्हणजे घरचेच की.

उत्तर तपासायचं म्हणून त्यांनी व्हिडिओ लावला. नव्या लुंगीत अवघडलेला पोनिमान मशिदीतल्या वडीलधाऱ्यांना दांडी, दगड, सूप सगळं दाखवत होता, पेटंटात लिहावं इतकं नीट. कोणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? तो हसला.

"डोकं माझं नाही हो. आमची ही अंगणात बसून स्वप्नं बघते, चकत्या करपल्या तरी उठत नाही. मग म्हटलं, सुपांनाच उठायला शिकवू."

बाई तेव्हा आत भात काढत होत्या. हे वाक्य त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं. वर्षभर न ऐकलेला आवाज आला आणि त्यांना आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना.

पाक विबिसोनोंनी मागे उभं राहून सगळं पाहिलं, चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिम्बाह कधीकधी चुकतातही, नाही का?"

बाईंना अर्थ कळला. 'चुकीचं उत्तर' या खुणेवर बोट ठेवलं, की व्हिडिओ शोधातून गळणार आणि अर्जाची वाट मोकळी. घरी लस्त्रीला कळलं तेव्हा ती तर फोनच घेऊन बसली. "आत्ता काढून टाकते, त्यात काय एवढं? कोण बघतंय तो?"

"काढू नकोस," बाई म्हणाल्या.

"अहो बू, पण मग पेटंट?"

"पेटंटासाठी त्याला गप्प करू?"

दुसऱ्या दिवशी ढग खिडकीला टेकला तरी बाईंची तंद्री लागली नाही. त्यांनी अहवाल लिहायला घेतला. युक्ती नवी नाही, अर्ज करता येणार नाही. आता जगात कोणीही असली सुपं घेऊन आला, तर सिम्बाह त्याला ह्याच अंगणात आणून सोडणार होते. मग तो रकाना आला, ही युक्ती पहिल्यांदा कोणी दाखवली. इतकी वर्षं बाईंनी तिथे परक्यांची नावं लिहिली होती. त्यांनी सावकाश टाइप केलं, पोनिमान, सालातिगा.