पिवळा वायसर

जोमा मिस्त्रीकडे गाडी नेली की तो आधी बॉनेटकडे जात नसे. हात पुढे करून चावी मागायचा. चावीच्या कडीत अडकवलेले वायसर, नटाखाली घालतात तसल्या चकत्या, बोटाने एकेक करून सरकवायचा, ओठातल्या ओठात मोजायचा आणि मगच विचारायचा, "बोला, काय त्रास हाय?" मी डॉक्टर असल्यामुळे मला ही पद्धत पहिल्या दिवशीच पटली. पेशंटचे जुने कागद चाळल्याशिवाय मीही त्याच्या छातीला नळी लावत नसे.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड होती. जोमा आगरी. बाप मिठागरात राबून गेला, आणि हा पोरवयातच लष्कराच्या एका गाड्यांच्या डेपोत चिकटला. तिथे फिटर झाला, तिथल्याच कुठल्याशा साहेबाशी वाजलं म्हणून बाहेर पडला आणि स्वतःचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे काय, चार खांब, एक खड्डा आणि भिंतीला टांगलेले पाने. ऐंशीच्या दशकात लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीपगाड्या आमच्या भागात बऱ्याच फिरत. वीटभट्टीवाले, खडीवाले, जंगलातले ठेकेदार, आणि त्यांच्यात मी एकटाच डॉक्टर. माझा दवाखाना खडवलीला, घर कल्याणला, आणि पेशंट नदीपलीकडच्या पाड्यांवर. तिथे रस्ता नावाची गोष्ट नव्हती, म्हणून मी ती जीप घेतली. बायको म्हणाली होती, तुम्ही गाडी नाही, सवत आणलीत. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

या गाड्यांचं दुखणं एकच होतं, त्यांचे पार्ट निघायचे बंद झाले होते. मग कुर्ल्याच्या भंगारातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा पार्ट आणायचा, कानशीने घासायचा, भोक वाढवायचं आणि बसवायचा. हे सगळेच मिस्त्री करत. जोमाही करत असे, पण त्याचा एक नेम होता. परका पार्ट बसवला की तो त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि तसाच पिवळा रंगवलेला एक वायसर मालकाच्या चावीत अडकवायचा. "गारीत पाव्हना आलाय," म्हणायचा. "पाव्हन्याला पाव्हन्यासारखा वागवा. त्याला घरधनी समजू नका." खरा पार्ट मिळून तो बसला की जोमा स्वतःच्या हाताने वायसर काढून घ्यायचा. मालकाने काढायचा नाही, हा नियम. वायसर खुळखुळतात, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून एका खडीवाल्याने तीनही वायसर काढून टाकले, तर जोमाने त्याची गाडी ढकलत शेडबाहेर नेऊन उभी केली. खडीवाला आठ दिवस येऊन शिव्या देऊन गेला. जोमा शांतपणे दुसऱ्याचा क्लच उघडत बसला.

माझी जीप पेट्रोलवर चालणारी होती आणि मला ती परवडेना. तिच्यात डिझेलचं इंजिन घाला, असं मी म्हणालो तेव्हा त्याने मला शेडमधल्या टायरवर बसवून अर्धा तास शिकवणी घेतली. डिझेलचं इंजिन वजनाला भारी. मग पुढची कमान भारी हवी, इंजिनाखालचे रबर दुसरे हवेत, स्टेअरिंगवर ताण वाढणार. शिवाय माझ्या गाडीचा वायपर पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालायचा. डिझेलला ती ओढ नाही, म्हणजे वायपरही गेला. "डाक्टर, नवीन सून आली का चुलीपासून सगला बदलतो. तुमी म्हनाल, मी फक्त सून आनली." मी हसलो आणि इंजिन घाला म्हणालो. वायपरला त्याने आतल्या बाजूने एक दांडी काढून दिली, ती हाताने हलवायची. ते काम माझ्या शेजारी बसणाऱ्या वसंताकडे आलं.

वसंता माझा कंपाउंडर, डोंबिवलीहून येणारा, बोलका आणि चटपटीत. पावसात मी गाडी चालवायचो आणि तो दांडी हलवत पेशंटांच्या नकला करायचा. जोमाची आणि त्याची गट्टी जमली होती. गाडी शेडमध्ये असली की दोघं एकमेकांच्या विड्या ओढत बसायचे. मी दोघांना फुप्फुसांवर व्याख्यान द्यायचो आणि दोघं ते आदराने ऐकून दुसरी विडी पेटवायचे.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडे आता वळतो. इतका वेळ मी वळत नव्हतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

एका नोव्हेंबरात पलीकडच्या एका पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली. नेमकी त्याच वेळी माझी जीप जोमाच्या खड्ड्यावर होती. स्टेअरिंगचा आडवा दांडा पुढच्या चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथला सांधा गेला होता. त्या सांध्यात एक निमुळता खुंटा निमुळत्या भोकात बसतो. दोघांचा उतार तंतोतंत जुळला तरच अंगाला अंग लागतं. जोमाजवळ होता तो सांधा दुसऱ्या गाडीचा, खुंटा केसभर बारीक. आत गेला, नटही आवळला गेला, पण जोमा हात पुसत उभा राहिला.

"गारी मिलनार नाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, बसलाय की.

"बसला म्हंजे झाला नाय, डाक्टर."

मी त्याला पाड्यावरची पोरं सांगितली. सलाईनच्या बाटल्या दाखवल्या. खोटं काहीच बोललो नाही. एखादं पोर दगावलं तर ते तुझ्या माथी, असंही बोललो, आणि हे बोलायला नको होतं. जोमाने मग डब्याचा पत्रा कापून त्याची पातळ पट्टी केली, खुंट्याला गुंडाळली, परत ठोकून बसवलं. वर पिवळा ठिपका दिला, चावीत वायसर अडकवला. आधीचे त्याने वेळोवेळी काढून घेतले होते, आता हा एकटाच. "चार दिवस. हलू चालवा. चार दिवसांनी आना, तवर मी कुर्ल्याहून बरोबर सांधा आनतो." वसंता तेव्हा स्टेशनवर औषधांची खोकी सोडवायला गेला होता. हे बोलणं आम्हा दोघांतच झालं.

पाड्यावरची पोरं वाचली. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. पण चार दिवसांनी मी गाडी नेली नाही. गाडी उत्तम चालत होती. पाचव्या दिवशी दवाखान्यात गर्दी, पुढच्या आठवड्यात मेहुण्याचं लग्न. पंधरा दिवसांनी जोमाचं पोस्टकार्ड घरी आलं, तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या मोठ्या अक्षरात: सांधा आला हाय, गारी आना. मी ते औषधांच्या एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातलं. वायसर रोज माझ्या खिशात वाजत होता; तो कशाचा हे वसंताला मी सांगितलं नव्हतं. आवाजाची सवय झाली की तो ऐकू येत नाही, हे मी कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांच्या खोकल्याबद्दल सांगितलेलं आहे.

आठ महिने गेले. जुलैतल्या एका दुपारी नदीकडच्या उतारावर वसंता दांडी हलवत काहीतरी सांगत होता. हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. एक चाक सरळ राहिलं, दुसरं बाहेर फिरलं आणि जीप डाव्या अंगावर चरात कलंडली. मला खरचटलं. वसंताचा पाय गाडीखाली होता. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस आले, पंचनामा झाला, दोन दिवसांनी गाड्या तपासणारा अधिकारी येणार असं कळलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी बसून चावीच्या कडीतून तो वायसर काढला. नखाने निघेना म्हणून चिमटा घेतला. डॉक्टरच्या घरात चिमट्यांना तोटा नसतो.

अधिकाऱ्याला सांध्यात पत्र्याची पट्टी सापडली. जोमाला चौकीवर बोलावलं. माझी चावी टेबलावरच पडली होती. हे कुणी बसवलं म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, मी. मालकाला कल्पना दिली होती का, असं विचारल्यावर त्याने टेबलावरच्या चावीकडे पाहिलं. सवयीने कडी बोटाने फिरवली. कडी रिकामी होती. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"लिवा," तो म्हणाला. "मिस्त्रीनं सांगितला नाय."

मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. बोलायला तोंड होतं, वेळही होता. मी बोललो नाही.

पुढे कोर्टात त्याला शिक्षा काय झाली ती झाली, पण खरी शिक्षा विठ्ठलवाडीने दिली. पायावर पत्रा मारणारा मिस्त्री, असं त्याचं नाव पडलं. जीपवाले दुसरीकडे जायला लागले. त्यानेही हट्ट धरला की यापुढे परका पार्ट हातात घेणार नाही. जुन्या जीपला खरा पार्ट मिळत नाही आणि हा परका लावत नाही, म्हणजे दुकान बंदच. चार-पाच वर्षांत शेडमध्ये फक्त स्कूटरची पंक्चर काढणं उरलं. पिवळ्या रंगाचा डबा खिडकीत वाळून गेला.

वसंताला मी कामावर ठेवलं. लाकडी पाय लावून तो स्टुलावर बसून पुड्या बांधायचा. साहेबांनी मला टाकलं नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि मी आतल्या खोलीत ऐकायचो. त्याच्या नकला बंद झाल्या. जोमाचं नाव निघालं की तो थुंकायचा. औषधांची खोकी सोडवायला विठ्ठलवाडी स्टेशनवर जावं लागलं तर शेडवरून जवळची वाट होती, पण हा माणूस कुबडी टेकत लांबच्या वाटेने जायचा. कधी नाइलाजाने तिथून जावंच लागलं तर तोंड फिरवायचा. जोमा शेडमधून बघत असायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जोमाला धाप लागायला लागली. त्याच्या सुनेने मला बोलावलं. दुसरे डॉक्टर होते, पण त्याने माझंच नाव घेतलं म्हणे. तपासलं. हृदय थकलं होतं, फार करण्यासारखं नव्हतं. सून चहा करायला आत गेली तेव्हा मी खिशातून तो वायसर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. इतकी वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात होता. आणि मी त्याला विचारलं की तेव्हा तू खरं का सांगितलं नाहीस.

जोमा वायसर अंगठ्याने घासत राहिला. थोडा पिवळा रंग अजून टिकून होता.

"पत्रा माज्या हातचा ना? मना ठाव होता, बसला म्हंजे झाला नाय. तरी चावी दिली. मंग तुमच्यावर काय ढकलू?" मग धाप लागली म्हणून थांबला. "पन वायसर तुमी काढायचा नव्हता. तो मी काढतो. बरोबर पार्ट बसल्यावर."

आणि वायसर माझ्या हातात परत देऊन म्हणाला, "चावीत घाला. अजून बसला नाय."

काय बसवायचं आहे हे मला समजलं नाही असं मी म्हणणार नाही. वसंताला जाऊन खरं सांगायचं होतं, आणि तेही जोमाच्या जिवात जीव असताना. मी त्याला शब्द दिला, या चार दिवसांत सांगतो. तोंडून चार दिवस हेच शब्द निघाले आणि ते ऐकून जोमा किंचित हसला.

त्या आठवड्यात वसंताच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आनंदाच्या दिवसांत हे नको, असं मी ठरवलं. कारणं माझ्याकडे नेहमीच चांगली असतात. अकराव्या दिवशी सकाळी जोमाचा मुलगा दवाखान्यात सांगायला आला. बाबा पहाटे गेले.

त्याच दुपारी मी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि वसंताला सगळं सांगितलं. चार दिवस, पोस्टकार्ड, चिमटा, चौकी, काही ठेवलं नाही. पुस्तकातलं पोस्टकार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं तो मारेल, निदान शिव्या देईल. माझी त्याला तयारी होती, खरं तर तीच अपेक्षा होती.

वसंताने कुबडी घेतली आणि उभा राहिला.

"पाय माझा गेला, साहेब. त्याचं मी बघतो. पण सात वर्षं त्या माणसाच्या नावाने मी थुंकत आलो. ते आता कुणाकडे जाऊन पुसू?"

तो विठ्ठलवाडीला गेला, जवळच्या वाटेने. मीही मागून गेलो, पण त्याने मला बरोबर चालू दिलं नाही. अंत्ययात्रा निघून गेली होती. शेडला कुलूप होतं. वसंता त्या बंद दारासमोर अंधार पडेपर्यंत खाली बसून होता, आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून तो दवाखान्यात आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही.

जीप मी केव्हाच भंगारात घातली. हल्ली माझ्याकडे लहानशी मोटार आहे, तिचा प्रत्येक पार्ट दुकानात तयार मिळतो. तिच्या चावीत तो पिवळा वायसर आहे. गाडी दुरुस्तीला नेली की तिथला मेकॅनिक विचारतो, हे काय अडकवलंय, काढून टाकू का? मी त्याला सांगतो, राहू दे. तो काढणारा माणूस आता नाही.