चंदेरी बाजू वर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, स्वतःचा एक फोटो हवा होता. त्यांच्या माघारी भिंतीवर लावायचा. सकाळच्या चहाला, बिस्किट बुडवता बुडवता त्यांनी हे सांगितलं. आदल्या दिवशी ते जामखेडला एका जुन्या सहकारी शिक्षकांच्या दहाव्याला जाऊन आले होते. तिथं हार घातलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता.

"शेजारच्या वर्गावर शिकवलं त्यानं इतकी वर्षं, आणि मला ओळखू येईना," अण्णा म्हणाले. "काहीतरी चोरताना सापडल्यासारखा दिसत होता."

"सकाळी सकाळी काय बोलता," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही आईच म्हणतो. "मेल्यावर बघू की."

"तेव्हा मला बघता येणार नाही."

घाईला कारण होतं. आठ दिवसांनी अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, महिन्यानं डाव्याचं. त्यानंतर जाड भिंगांचा चष्मा जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णांना फोटो मात्र चष्म्यासकटच हवा होता. कॉलेजात असल्यापासून तो त्यांच्या नाकावर आहे. चष्म्याशिवायच्या अण्णांना त्यांचे विद्यार्थी ओळखणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

आधी ते शेवगावातल्या एका स्टुडिओत गेले. फोटोत दोन्ही काचा पांढऱ्या फटक आल्या. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर त्या पुसून आत डोळे बसवून दिले. अण्णांनी बहिर्गोल भिंग लावून फोटो तपासला आणि माझ्यापुढं ठेवला.

"हे डोळे माझे नाहीत. कुणाचे आहेत ते विचारून ये."

स्टुडिओवाल्याचा दुसरा सल्ला होता नुसती फ्रेम घालायचा, काचा काढून. त्यावर अण्णा म्हणाले, "तसला चष्मा गॅदरिंगच्या नाटकात घालतात." तो विषय तिथं संपला आणि काम माझ्याकडं आलं.

मला काम आलं की मी आधी यादी करते. आमचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, आणि यादीशिवाय ते एक आठवडा चालणार नाही. वहीचं पान उघडलं, तीन रकाने पाडले: घरात आहे, दुकानात आहे, विकत आणायचं. मुलगी पुण्याला गेली तेव्हा तिचा कॅमेरा कपाटात राहिला होता, तो पहिल्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यात दोनच गोष्टी लिहिल्या. एक जुना, वापरलेला फ्लॅश आणि रिमोटची एक जोडी. जोडीतला एक कॅमेऱ्यावर बसतो, एक फ्लॅशखाली. मग फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, कुठंही ठेवता येतो. काचेवर चमक येते ती उजेड समोरून आल्यामुळं, एवढं मला कळलं होतं. बाकी काहीही विकत आणायचं नाही, हे पानाच्या डोक्यावर लिहून त्याखाली रेघ ओढली.

स्टँड म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली आणि तिच्यात पीव्हीसी पाइप रोवला. फ्लॅश त्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधला. छान उभा राहिला.

पहिल्या दिवशी प्रत्येक फोटोचा खालचा निम्मा भाग काळा आला. रिमोट खराब निघाला असं मी ठरवून टाकलं, सेल बदलले, विकणाऱ्याला फोनवर दोन शब्द सुनावले. चूक माझी होती. शटर इतकं जलद ठेवलं होतं की फ्लॅश पडेपर्यंत त्याचा पडदा अर्धा मिटत होता. वेग कमी केला आणि पूर्ण अण्णा दिसले. वहीत लाल पेनानं लिहिलं, 'शटरचा वेग दोनशेच्या वर न्यायचा नाही', आणि विकणाऱ्याला परत फोन करून माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी छत्री. मोठा, पसरलेला उजेड चेहऱ्याला चांगला, असं मोबाईलवरच्या प्रत्येक व्हिडिओत सांगत होते. दुकानात मल्चिंग पेपरचे तुकडे पडलेले असतात. हा भाजीच्या वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, एक बाजू काळी, दुसरी चंदेरी. चंदेरी बाजू ऊन पानांच्या खालच्या अंगाला परत फेकते, म्हणून कीडही कमी बसते. हंगामात मी दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकाला सांगते: काळी मातीला, चंदेरी वर. तोच कागद मी काळ्या छत्रीला आतून चिकटवला, फ्लॅश छत्रीत मारला आणि फोटो पाहिला. अण्णांच्या प्रत्येक काचेत एक एक छत्री उभी होती, काड्यांसकट.

माझा नवरा वाकून बघत म्हणाला, "काड्या मोजता येतायत. आठ."

उजेड जेवढा मोठा तेवढं त्याचं प्रतिबिंब मोठं. हे व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्यातल्या कुणालाच चष्मा नव्हता. मी अण्णांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं.

"जन्मभर पोरांना मान वर करा म्हणत आलो. आता मी मान खाली घालून भिंतीवर बसू?"

ते उठले ते त्यांच्या टेबलाकडं गेले. खणात कंपासपेटी आहे, अजूनही. कोनमापक आणि सुतळी घेऊन आले. "आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात," ते मला म्हणाले, मी जणू पहिल्या बाकावर होते. सुतळीचं एक टोक त्यांनी चष्म्याशी धरलं, दुसरं माझ्याकडं कॅमेऱ्याशी दिलं. छत्री काढून टाकायला लावली. मग नवऱ्याला पाइप डब्यातून उपसून हातात धरायला सांगितला.

"वर घे. अजून. उजेड वरून आला की काचेवरून खाली फरशीवर जाईल, हिच्याकडं येणार नाही."

"अण्णा, हात भरून आला."

"याच धड्यात मार्क घालवले होतेस तू. वर."

फोटो काढला. काचा स्वच्छ. पण काचांच्या मागं काहीच नव्हतं. भुवयांची आणि फ्रेमची सावली पडून डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसत होते. फ्लॅशचा जोर वाढवला तर कपाळ पांढरं झालं, खड्डे तसेच. दिवा थोडा खाली घेतला की काचेत चमक, वर नेला की अंधार. हे असं तीन संध्याकाळी चाललं. यादीतल्या सगळ्या ओळींवर बरोबरची खूण झाली होती आणि फोटो मात्र नव्हता. ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. अण्णा दर वेळी खुर्चीत बसताना चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

आई इतके दिवस या खोलीत पाय ठेवत नव्हत्या. जिवंत माणसाचा असला फोटो काढू नये, हे त्यांचं म्हणणं. त्या संध्याकाळी मेथी निवडत दारात येऊन बसल्या. मी दाखवलेला फोटो त्यांनी एकदाच पाहिला.

"डोळं खड्ड्यात गेल्यात. आजारी मानूस हाय का ह्यो?" मग कोपऱ्यातल्या छत्रीकडं बघून म्हणाल्या, "त्यो कागद तुमी वांग्याखाली अंथरता न्हवं? मग ह्यांच्याखाली अंथरा की. छत्रीला कशाला डकवलाय?"

नवरा आधी हसला. मी हसले नाही, मी दुकानात गेले. रोलमधून दीड मीटर कापला आणि अण्णांच्या मांडीवर, गुडघ्यांवरून खाली पसरला.

"कुठली बाजू?" अण्णांनी विचारलं.

"चंदेरी वर," आम्ही तिघंही म्हणालो.

अण्णांनी मनातल्या मनात कोन जुळवला. "बरोबर. हा उजेड काचेवरून वर छताकडं जाईल. काढ."

मान वर, चष्मा नाकावर, आणि काचांमागं त्यांचे दोन्ही डोळे. थोडे तपकिरी, उजव्यात मोतीबिंदूची धुरकट छटासुद्धा. अण्णांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं आणि "बरा असावा," एवढंच म्हणाले. त्यांना नीट दिसत नव्हतं. मी प्रिंट करून आणला आणि पाकिटात घालून ठेवला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, थेंब घालून झाले, चष्मा डबीत गेला. मग एके दिवशी जेवण झाल्यावर अण्णांनी ते पाकीट मागितलं. खिडकीशी उभे राहिले आणि पेपर तपासावा तसा कोपऱ्यापासून फोटो तपासू लागले. आई आणि मी ताटं तशीच ठेवून बसलो होतो.

"कानावरचे केस दिसतायत."

"कॉम्प्युटरवर काढून देऊ का?"

"नको. माझेच आहेत."

त्यांनी फोटो उलटा केला आणि मागं, फळ्यावर लिहायचे त्याच अक्षरात लिहिलं: 'हाच लावावा. दुसरा शोधू नये.' खाली सही केली. आईंनी तो हातातून घेतला, वाचला नाही, कपाटात सगळ्यात खालच्या साड्यांच्या तळाशी ठेवला आणि वर आणखी दोन साड्या ठेवल्या.

"लवकर लागायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "उष्टी ताटं उचला."