दारातल्या वहाणा

या सदरातील अनुभव मी नियमाने वाचतो, आणि बहुधा स्मित करून अंक मिटून ठेवतो. माझा ईश्वरावर विश्वास आहे, आणि म्हणूनच भुताखेतांवर तो कधी बसला नाही. आयुष्यभर अंत्यविधी केले, स्मशानात एकटा बसलो, पण गेलेला मनुष्य जवळपास असल्याचे कधी जाणवले नाही. एका दुपारचा मात्र अपवाद... त्या दुपारी माझ्यासोबत असलेली दोन्ही माणसे आता नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.

साठचे दशक नुकतेच लागले होते. आमचा नंदुरबार-शहाद्याकडचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. तापीकाठच्या एका गुजर वस्तीच्या गावात मी पौरोहित्य करीत असे. तेथील हिरजीबाबा कापूस-केळीचे जाणते शेतकरी. त्यांचा एकुलता मुलगा रतन बारा वर्षांपूर्वी घरबांधणीचा साग आणायला बैलगाडी घेऊन तळोद्याच्या वर, सातपुड्यात गेला होता. काही दिवसांनी बैल रिकामी गाडी ओढत आपले आपण घरी आले. रतन आला नाही. पुष्कळ शोधूनही त्याचे हाडसुद्धा मिळाले नाही.

ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची बारा वर्षे वाट पाहावी. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, असे शास्त्र सांगते. ती बारा वर्षे त्या दसऱ्याला पूर्ण झाली होती. मुलाचा जीव अधांतरी राहू नये म्हणून हिरजीबाबा विधीसाठी व्याकूळ होते. परंतु रतनची पत्नी जमना कुंकू पुसण्यास तयार नव्हती, आणि तिच्या संमतीवाचून मी दर्भाला हात लावणार नव्हतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेस जाताना हिरजीबाबांनी मला मुद्दाम गाडीत घेतले. मी वाटेत जमनाला विधीची हकिकत सांगत होतो. मृताची वाट तापलेल्या वाळूची असते, म्हणून त्याच्या नावाने छत्री, पाण्याचे भांडे आणि वहाणा दान करायच्या असतात, असे मी म्हणालो. ती घरात गुजरी बोले, माझ्याशी अहिराणी; नवऱ्याला त्या बोलीच्या रीतीने आदराने 'त्या' म्हणे.

"त्यास्ना पायमां वहाना शेतस, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "घालीसनच गयात त्या."

मी दानाचा विषय तेथेच सोडला.

दर्शन झाले. घोड्यांच्या बाजाराच्या टोकाला सुरतेकडच्या कोणा खेळवाल्याने त्या वर्षी 'जंगल की सैर' उभारली होती. बांबूवर ताडपत्र्या बांधून आत नागमोडी पायवाट केली होती. वाटेवर सागाची वाळकी पाने अंथरलेली, दोहोंकडे फांद्या रोवलेल्या, मध्ये पेंढा भरलेली हरणे, अस्वल, आणि शेवटच्या वळणावर वाघ. पडद्यामागून एक मनुष्य पाखरांचे आवाज काढी. पण आत वाघ आहे म्हटल्यावर आमच्याकडची माणसे त्याला वाघदेवच समजली! जो तो दारात वहाणा काढून, नारळ घेऊन आत शिरत होता.

"मंदिर नहीं है भाई, चप्पल पहनके जाओ," खेळवाला कंठशोष करीत होता.

"मजार वाघ शे ना?" एका म्हातारीने आत डोकावत विचारले.

"है, पर भूसे का है."

"मंग? तुन्हा देव काय जित्ता शे?" म्हणत ती अनवाणी आत गेली.

जमना दारापाशी थबकली आणि मला म्हणाली, "बाबा, बारा वरीस व्हयनात, त्या डोंगरकडे दखी ऱ्हायनी. जंगल कसं ऱ्हास ते मी कधी दखं नही. माले जाऊ द्या."

हिरजीबाबा मान फिरवून म्हणाले, "तुम्ही दोन्ही जा. मी आठे बठस, वहाना दखस. मांगला वरीसले मन्हा नवा जोडा चोरी गया." आणि ते वहाणांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले.

आत त्या वेळी आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते. जमना प्रत्येक झाडाला हात लावीत हळूहळू चालत होती. मी चार पावले मागे होतो. अस्वलाच्या वळणावर ती एकाएकी वाटेच्या कडेला सरली आणि तिने पदर पुढे ओढला. समोरून कोणी येत असावे असे समजून मीही बाजूला झालो. पण समोर कोणी नव्हते. पाने वाजली ती माझ्या मागे. मग ती पावले माझ्याजवळून, तिच्याजवळून पुढे गेली... वहाणांवाचूनची, एक पाय किंचित ओढणारी. पायावरून गाडीचे चाक गेल्यापासून रतन डावा पाय तसा ओढीत असे.

वाट वाघापाशी संपत होती. पलीकडे ताडपत्री होती, तिच्याबाहेर उघडे मैदान. आवाज तेथे थांबायला हवा होता. तो थांबला नाही. वाळकी पाने वाजतच राहिली — दूर, आणखी दूर, चढावर जाणाऱ्या माणसाखाली वाजावीत तशी — आणि मग ऐकू येईनाशी झाली. जमना तेवढा वेळ पदर धरून उभी होती. तिला काय दिसले, हे मी तेव्हाही विचारले नाही, पुढेही नाही.

वाघाच्या बाजूच्या दाराने बाहेर पडून आम्ही वळसा घालून पहिल्या दाराशी आलो. हिरजीबाबा बसल्या जागीच होते. त्यांच्या गुडघ्यापाशी वहाणांचा एक जोड होता. डाव्या वहाणेचा अंगठा बाहेरच्या बाजूला सरकवून शिवलेला. वाकड्या झालेल्या बोटासाठी गावच्या चांभाराने रतनला तसा करून दिला होता. तळाला तांबडी माती होती, ओली. तापीकाठची माती काळी असते.

"मी आठेच बठेल व्हतू," हिरजीबाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कोनी उनं नही. डोळा लागना नही मन्हा, शास्त्रीबाबा."

जमना खाली बसली. तिने पदराने ती माती पुसली आणि दोन्ही वहाणा जुळवून ठेवल्या.

"आठे काढ्यात," ती म्हणाली. "म्हंजे त्या अनवाणी गयात." मग माझ्याकडे न पाहता विचारले, "तुम्ही सांगं, ती वाट तापेल ऱ्हास?"

"होय, मुली."

"मंग विधी करा."

तापीच्या काठी पळसाच्या पुतळ्याला हिरजीबाबांनी अग्नी दिला. दानासाठी त्यांनी नवा जोड आणला होता. जमनाने तो बाजूला सारला. "नव्या नकोत. नव्या त्यास्ना पायले चावतस." शास्त्र नवीन वस्तू सांगते, हे मला ठाऊक होते. मी जुन्याच स्वीकारल्या.

गावच्या चांभाराने जोड आपल्याच हातचा असल्याचे सांगितले. डोंगरात कोणाला तो सापडला असेल आणि यात्रेत घालून आला असेल, असे एक सुज्ञ मित्र म्हणाले. असेलही. मग तो मनुष्य हिरजीबाबांच्या डोळ्यांदेखत, दिसल्यावाचून, वहाणा ठेवून कोठे गेला? पाने कोणाच्या पायाखाली वाजली?

दानाची वस्तू वापरावी असा नियम आहे. त्या वहाणांत पाय घालण्याचे धैर्य मला झाले नाही. चामडे देवघराजवळ ठेवता येत नाही, म्हणून त्या माझ्या उंबऱ्याबाहेर असतात. नवखा मनुष्य घरी आला की त्या पाहून विचारतो, "आत कोणी आले आहे का?"

मी नाही म्हणतो.