मामांच्या रणगाड्याची जाळी
वॉर्निशचा वास आला की मला पलूसचा तो दिवस आठवतो. फौजेतून निवृत्त झालेल्या मामांच्या सत्काराला तासभर उरला होता आणि त्यांना द्यायच्या रणगाड्याच्या इवल्याशा प्रतिकृतीची, इंजिनावर बसणारी, लेसरने कापलेली कागदी जाळी अजून रंगवायची होती. जाळी एकच. आधी वॉर्निश दिलं नाही तर रंगाने कागद फुगणार, म्हणून श्वास रोखून मी पातळ हात मारला. "लवकर वाळंल रं!" म्हणत मामीने पंखा लावला आणि जाळी उडून थेट दारातून येणाऱ्या मामांच्या मिशीवर बसली. त्यांचा हात मिशीकडे निघाला आणि मी ओरडलो, "सावधान!" सुभेदार मामा जागीच ताठ! चिमट्याने मी जाळी सोडवत होतो, तर ओठ न हलवता ते म्हणाले, "आता विश्राम म्हन की रं!" रणगाडा आज त्यांच्या कपाटात दिमाखात उभा आहे. जाळीच्या रंगाखाली मिशीचा एक केस आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.