मापावर मूठ

दुबईतल्या एका दुकानाला मी फसवलं आहे. जास्त माल देऊन!

माझं शिक्षण म्हणाल तर चौथी. (तीही मास्तर कंटाळले म्हणून पास.) पण सायखेड्याच्या बाजारात जन्मभर भाजीपाला विकला, आणि तराजूचा काटा सरळ झाल्यावर वर एक मूठ टाकल्याशिवाय कुणाच्या पिशवीत माल ओतला नाही. माझे वडील म्हणायचे, "माप दुकानाचं, मूठ माणसाची." तेवढी एकच विद्या मी पूर्ण शिकलो.

आता आमची सून वैशाली. माहेर नाशिक रोडचं, शिकलेली, बोलायला गोड आणि माझं ऐकायला ठार बहिरी! तिनं घरामागच्या शेडमध्ये चिवड्याचा धंदा काढला. सहा बायका, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि पाकिटाचं तोंड चिकटवायचं एक मशीन. दोन वर्षं फोन करून करून तिनं दुबईच्या एका मोठ्या दुकानाला राजी केलं. त्यांनी नमुन्याची दोनशे चाळीस पाकिटं मागवली. पसंत पडली तर त्यांच्या सगळ्या दुकानांत आमचा चिवडा, नाही पडली तर दार बंद.

"नाना, एकदाच संधी मिळते," वैशाली म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. नेमकं माझ्याकडेच का बघितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला काम दिलं होतं राखणीचं. बायका दुपारी जेवायला गेल्या की शेडमध्ये मांजर येऊ द्यायचं नाही. (चार एकर राखलेला माणूस मी, आता मांजर राखत होतो.) समोर पाकिटं तोंड उघडून रांगेत उभी. प्रत्येकात काट्यावर मोजून दोनशे ग्रॅम. मी वाकून बघितलं, तर वर चार बोटं रिकामं! म्हटलं, परदेशातला माणूस पाकीट फोडून काय म्हणेल? नाशिककडची माणसं एवढी चिक्कू?

मी हात धुतले. हातमोजे चढवले. बायका घालतात ती झालरीची टोपीही डोक्यावर घातली. चिवड्याच्या पिंपातून एक मूठ घेतली आणि पहिल्या पाकिटात टाकली. कसं भरल्या घरासारखं दिसायला लागलं! मग दुसऱ्या पाकिटानं काय पाप केलं होतं? दोन दुपारी मिळून दोनशे चाळीसही पाकिटांना न्याय दिला.

सहा बायकांतल्या सुमनबाईला संशय आला. ती वैशालीला म्हणाली, "ताई, पिंपातला चिवडा लय कमी झालाय."

"मांजर खातं," मी म्हणालो.

"तिखट चिवडा? मांजर?"

"सायखेड्याचं मांजर हाय ते!"

माल गेला. पंधरा दिवसांनी दुबईच्या मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. माणूस केरळचा, हिंदी आमच्यापेक्षा बरी. त्यानं मोबाईल दुकानाकडे फिरवला. तिकडे पाकिटं आकड्याला टांगतात म्हणे. वर भोक असतं, त्यात आकडा. आमची पाकिटं टांगली की भोक फाटायचं आणि पाकीट खाली. टप! दुसरं टांगलं. टप! मग त्यानं पाकिटं काट्यावर ठेवली. दोनशे अठ्ठावीस. दोनशे सव्वीस. दोनशे एकतीस!

"मॅडम, लेबल पे दो सौ लिखा है. ये मैं दुकान में नहीं रख सकता. परसों तक बताइए, गड़बड़ कहाँ हुई."

वैशालीचा चेहरा पांढरा पडला. तिनं काटा तीनदा तपासला. मग सुमनबाईला बोलली, सुमनबाई पदर डोळ्याला लावून बसली. बोलावं असं वाटत होतं, पण माझी मान एकदा ताठ झाली की वाकायला मुहूर्त लागतो.

तेवढ्यात आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणाली, "वैशाली, वरचा माल मुठीएवढाच हाय. सगळ्यांच्या मुठी काट्यावर घे."

(पन्नास वर्षं एका ताटात जेवलेली बाई. हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं!)

सुमनबाईची मूठ भरली सोळा ग्रॅम. मंडळींची पंधरा. वैशालीची बारा. माझी पाळी आली. मी तीन बोटांनी अलगद उचलून ठेवली. नऊ!

"अहो, ही मूठ हाय का अंगारा?" मंडळी कडाडली. "बाजारात घ्यायचा तशी घ्या!"

घेतली. काट्यानं अठ्ठावीस दाखवले. सहाही बायका एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. बाहेरून मांजरही बघत होतं.

"जास्तच दिलंय ना? कमी तर नाय दिलं?" मी आवाज चढवला. "जास्त दिलं म्हणून भांडणारी माणसं मी पहिल्यांदा बघतोय!"

"नाना," वैशाली हळूच म्हणाली, "तुमची मूठ त्यांना कुठं दिसतेय? त्यांना एवढंच दिसतं, की आपण लिहितो एक आणि भरतो एक. खोटे ठरलो आपण."

जन्मात मला कुणी खोटा म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "लाव फोन."

"साहेब," मी सुरू केलं, "सूनबाई का कुछ गलती नय. सुमनबाई का बी नय. मैंने मूठ डाली. सब में."

"क्यों, चाचा?"

"आदत हाय."

मग मॅनेजर एवढा हसला, की फोन हलला. त्याचे आजोबा मासळीबाजारात बसायचे, टोपलीत एक मासा वरून टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायचे नाहीत! आमची पाकिटं विकता येणार नव्हतीच, ती फोडून त्यानं दुकानाच्या दारात ताटात मांडली. येणाऱ्याला मूठभर, फुकट. आणि नवी दोनशे चाळीस मागवली.

"लेकिन चाचा, इस बार आप दूर बैठना."

बसलो. पार ओट्यावर. पाकिटं नेमकी दोनशेची गेली, खपली, आणि वैशालीला त्यांच्या सगळ्या दुकानांची ऑर्डर आली.

त्या आठवड्यात तिनं माझी मूठ कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून घेतली. मला वाटलं, पाकिटावर छाप येणार! मी छाती आणि मूठ दोन्ही फुगवून दिली. ती मूठ आता शेडच्या दारावर पाटी होऊन लागली आहे. तिच्यावरून लाल आडवी रेघ मारलेली.

पाहुणे विचारतात, "नाना, ही मूठ कुणाची?"

"आपलीच!" मी मिशीवर हात फिरवतो.

"आणि ही लाल रेघ?"

"ती होय? रंगाऱ्यानं वरून थोडा जास्तीचा रंग दिलाय!"